संशयितांवर कारवाई करा, निर्वासितांची मदत कायद्याने तोडू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या काँग्रेसने २२ आणि २३ मार्च २०२४ रोजी जो खर्च मंजुरी कायदा संमत केला, त्यातील एका कलमाकडे आपल्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेल्या मदत संस्थेला, म्हणजे यूएनआरडब्ल्यूएला, २५ मार्च २०२५ पर्यंत अमेरिकी तिजोरीतून एक डॉलरही देता येणार नाही, अशी तरतूद त्या कलमात होती. ते कलम स्वतंत्र विधेयक म्हणून आले नव्हते. सुमारे १ लाख २० हजार कोटी डॉलरच्या आणि हजाराहून अधिक पानांच्या एका विधेयकात ते बसवलेले होते. ते विधेयक फेटाळले असते तर सरकारी कार्यालयांना टाळे लागले असते. त्यामुळे प्रतिनिधिगृहात २८६ विरुद्ध १३४ आणि सिनेटमध्ये ७४ विरुद्ध २४ अशा मतांनी ते मंजूर झाले, आणि अध्यक्ष बायडेन यांनी त्याच दिवशी त्यावर सही केली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी वेगळा आदेश काढून हा निधी बंदच राहील असे जाहीर केले. दरम्यान इस्रायलच्या संसदेने २८ ऑक्टोबर २०२४ रोजी दोन कायदे करून या संस्थेला आपल्या हद्दीत काम करण्यास आणि आपल्या अधिकाऱ्यांना तिच्याशी कोणताही संपर्क ठेवण्यास मनाई केली. ते कायदे ३० जानेवारी २०२५ पासून लागू झाले. या सगळ्यामागे एक मुख्य कारण सांगितले जाते, ते म्हणजे मदतीचा पैसा दहशतवाद्यांच्या हाती पडतो.

मी लेखापरीक्षक म्हणून नोकरी केली आणि त्याच कामातून निवृत्त झाले. अनुदान घेणाऱ्या संस्थांची कीर्द, हजेरीपट, पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्रे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. म्हणून या विषयाकडे मी परराष्ट्र धोरणाची जाणकार म्हणून पाहत नाही. सार्वजनिक पैसा कोणत्या अटींवर द्यावा, तो चुकीच्या हाती पडल्याचा संशय आला तर काय तपासावे, आणि तपासात दोष आढळला तर कारवाई कोणावर करावी, एवढेच प्रश्न मला ठाऊक आहेत. त्याच प्रश्नांच्या आधारे पाहिले असता हा कायदा मला चुकीचा वाटतो, आणि का वाटतो ते सविस्तर सांगण्याची परवानगी द्यावी.

प्रथम हे स्पष्ट करते की, मदतीच्या नावाखाली दहशतवादाला पैसा पुरवला जातो ही शंका मी क्षुल्लक मानत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला तसे मानणे शक्यही नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर ज्या लष्कर-ए-तोयबाने हल्ला करून १६६ जणांचे बळी घेतले, तिचाच दुसरा चेहरा असलेली जमात-उद-दावा पाकिस्तानात शाळा, दवाखाने आणि भूकंपग्रस्तांसाठी मदत छावण्या चालवत होती. हल्ल्यानंतर काही दिवसांतच, डिसेंबर २००८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या समितीने तिला लष्कर-ए-तोयबाचेच दुसरे नाव म्हणून निर्बंधांच्या यादीत घातले. त्यानंतर तीच मंडळी फलाह-ए-इन्सानियत या नव्या पाटीखाली धर्मादाय काम करू लागली आणि तिलाही यादीत घालावे लागले. नरिमन हाऊसमध्ये त्या तीन दिवसांत ज्यू पाहुण्यांचे आणि यजमानांचे जे झाले ते आपण विसरलेलो नाही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या आणि आजही घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांपैकी अनेक जण अश्दोद, अश्कलॉन, बीरशेबा या गाझाच्या टप्प्यात येणाऱ्या शहरांत राहतात, आणि ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी गाझातील हमास या सशस्त्र संघटनेने इस्रायलवर हल्ला केला तेव्हा त्यांच्यावर कोणता प्रसंग आला असेल याची कल्पना आपल्याकडच्या त्यांच्या नातलगांना पुरती आहे. म्हणून ज्यांनी हा कायदा केला त्यांची भीती खोटी आहे असे म्हणून मला पुढे जायचे नाही.

प्रश्न आहे तो त्या भीतीवर योजलेल्या उपायाचा, आणि त्यासाठी ही संस्था काय आहे हे थोडे पाहावे लागेल. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक विस्थापित झाले. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ डिसेंबर १९४९ रोजी ठराव करून ही तात्पुरती संस्था स्थापन केली आणि १ मे १९५० पासून तिचे काम सुरू झाले. ती तात्पुरती संस्था आजही तात्पुरतीच आहे. आमसभा ठरावीक वर्षांनी तिची मुदत वाढवते. जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक आणि गाझा या पाच ठिकाणी तिच्याकडे सुमारे ५९ लाख निर्वासितांची नोंद आहे. तिचे सुमारे तीस हजार कर्मचारी आहेत आणि त्यांतील बहुतेक स्वतःच निर्वासित कुटुंबांतले आहेत. त्यांत शिक्षक सर्वांत जास्त. पाच लाखांहून अधिक मुले तिच्या शाळांत शिकत होती, आणि नेहमीच्या अंदाजपत्रकाचा अर्ध्याहून अधिक भाग शिक्षणावर खर्च होत असे. बाळंतपणे, लसीकरण, मधुमेहाची औषधे, छावणीतला कचरा उचलणे, पिण्याच्या पाण्याचे टँकर, पिठाची पोती ही कामे त्यानंतर येतात. थोडक्यात, आपल्याकडे जिल्हा परिषद जे करते ते ती करते. अमेरिका हा तिचा सर्वांत मोठा देणगीदार होता. २०२२ मध्ये त्या देशाने सुमारे ३४ कोटी ४० लाख डॉलर दिले, म्हणजे एकूण देणग्यांच्या जवळजवळ तीस टक्के. ज्या संस्थेचा खर्च मुख्यतः पगारावर होतो, तिचा तीस टक्के निधी एका कलमाने थांबला तर शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्यांच्या पगारावर गदा येणार, हे समजायला हिशेबाचे फार ज्ञान लागत नाही.

आता आरोपांकडे वळू. २६ जानेवारी २०२४ रोजी संस्थेने स्वतःच जाहीर केले की, ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात तिचे काही कर्मचारी सामील होते अशी माहिती इस्रायलने तिला दिली आहे. नावे बारा होती. संस्थेने चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता त्यांतील बहुतेकांना कामावरून काढले. अमेरिकेने त्याच दिवशी निधी थांबवला आणि पुढच्या काही दिवसांत सोळा देणगीदार देशांनी मिळून सुमारे ४५ कोटी डॉलर रोखून धरले. संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत तपास कार्यालयाने पुढे एकूण एकोणीस जणांची चौकशी केली. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा होता की, नऊ जण हल्ल्यात सामील असू शकतात असे पुरावे मिळाले आणि त्यांची सेवा संपवण्यात आली. आणखी नऊ जणांबाबतचा पुरावा अपुरा ठरला. एकाविरुद्ध काहीच पुरावा मिळाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये मारला गेलेला हमासचा तिथला प्रमुख हाही या संस्थेच्या शाळेत नोकरीला होता आणि काही महिन्यांपूर्वी त्याला निलंबित केले गेले होते. ही प्रकरणे गंभीर आहेत. एक जरी कर्मचारी त्या दिवशी माणसे मारण्यात किंवा ओलीस धरण्यात सामील असेल तरी ते अक्षम्य आहे, आणि ज्या व्यवस्थेतून तो सुटला तिची झाडाझडती झालीच पाहिजे.

ती झालीही. फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरीन कोलोना यांनी स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमधील तीन संशोधन संस्थांच्या साह्याने केलेल्या तपासणीचा अहवाल २२ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या सारांशावरच्या बातम्या बहुतेकांनी वाचल्या असतील. मला त्यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटला. ही संस्था दरवर्षी आपल्या कर्मचाऱ्यांची यादी ज्या त्या ठिकाणच्या सरकारांना, आणि गाझा व वेस्ट बँकेच्या बाबतीत इस्रायलला, देत आली आहे. २०११ पासून इस्रायल सरकारने या याद्यांवरून कोणत्याही कर्मचाऱ्याबद्दल हरकत कळवली नव्हती, असे अहवाल म्हणतो. त्यावर इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे म्हणणे असे की, मार्च २०२४ पर्यंत या याद्यांत कर्मचाऱ्यांचे ओळख क्रमांक नव्हते. ज्यांनी हजेरीपट तपासले आहेत त्यांना यातला घोळ ताबडतोब कळेल. एकाच नावाची माणसे गाझासारख्या दाट वस्तीत किती असतील याचा विचार करा. ओळख क्रमांकाशिवाय केवळ नावांची यादी हातात घेऊन पडताळणी होत नाही. तरीही वर्षानुवर्षे एका बाजूने तशी यादी दिली आणि दुसऱ्या बाजूने ती तशीच घेतली, व क्रमांक मागण्याचे किंवा देण्याचे काम कोणी केले नाही. शिवाय ही संस्था कर्मचाऱ्यांची नावे सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीशी ताडून पाहते, परंतु त्या यादीत हमासच नाही, कारण सुरक्षा परिषदेने तसा निर्णय कधी घेतलेलाच नाही. म्हणजे चाळणी होती, पण जे अडवायचे ते तिच्यातून खाली पडेल अशीच ती होती. हा दोष दुरुस्त करण्याजोगा होता आणि कोलोना यांनी त्यासह पन्नास शिफारशी केल्या. निःपक्षपातीपणा राखण्याची यंत्रणा या संस्थेकडे तशाच स्वरूपाच्या इतर संस्थांपेक्षा अधिक विकसित आहे, त्रुटी मात्र शिल्लक आहेत, आणि कर्मचाऱ्यांपैकी मोठी संख्या दहशतवादी संघटनांची सदस्य आहे या दाव्याला इस्रायलने अद्याप पुरावा दिलेला नाही, असा त्या अहवालाचा आशय होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागार मतातही हा दावा सिद्ध झालेला नाही असेच म्हटले.

अहवाल आल्यानंतर जर्मनीने निधी पुन्हा सुरू केला. कॅनडा, स्वीडन आणि ऑस्ट्रेलियाने तर अहवालाची वाट न पाहता मार्चमध्येच निर्णय बदलला होता, आणि ब्रिटनने जुलैमध्ये बदलला. या देशांना निर्णय बदलता आला, कारण त्यांनी निधी प्रशासकीय आदेशाने थांबवला होता. अमेरिकेने मात्र अहवाल येण्याच्या एक महिना आधी कायदा करून आपले हात बांधून घेतले. कोलोना यांनी या संस्थेला पूर्ण निर्दोष ठरवले असते तरी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला पुढचे वर्षभर एक डॉलर देता आला नसता. चौकशी सुरू असताना शिक्षेचा कालावधी ठरवून टाकणारा कायदा मला न्याय्य वाटत नाही.

आणि असा कायदा करण्याची गरज होती का? अमेरिकेच्या १९६१ च्या परकीय साहाय्य कायद्यात या संस्थेपुरतेच एक कलम गेली कित्येक दशके आहे. अमेरिकी निधीचा कोणताही भाग लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या किंवा दहशतवादी कृत्यात भाग घेतलेल्या निर्वासितापर्यंत पोहोचणार नाही यासाठी संस्थेने शक्य ते सर्व उपाय केले पाहिजेत, या अटीवरच देणगी देता येते. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ही अट पाळली जाते का हे वेळोवेळी तपासले आहे, आणि परराष्ट्र खात्याने संस्थेच्या उपाययोजनांचे मूल्यमापन करण्यासाठी ठोस निकष ठरवावेत असे २००९ मध्ये सुचवलेही होते. ही अट कडक करता आली असती. ओळख क्रमांकासह यादी, तिमाही अहवाल, बाहेरच्या यंत्रणेकडून अचानक तपासणी, गाझाचा निधी रोखून जॉर्डन आणि लेबनॉनमधील शाळांचा चालू ठेवणे, ठरावीक सुधारणा झाल्यावर पुढचा हप्ता, असे कितीतरी मार्ग होते. अनुदान देणारे प्रत्येक खाते हे मार्ग वापरते. काँग्रेसने ते सगळे बाजूला ठेवले आणि ज्या मुलांचा गाझाशी काही संबंध नाही, अशा अम्मान आणि बैरूतच्या छावण्यांतील मुलांच्या शाळेचेही पैसे त्याच फटक्यात थांबवले.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण देते. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात सर्व शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली. तपासणी पथके शाळांत गेली, एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली, हजेरीपटावरची संख्या आणि वर्गात बसलेली मुले यांचा मेळ घातला, आणि लाखो नावे केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. त्या नावांवर शिक्षकांची पदे, पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश आणि पुस्तके मंजूर झालेली होती. हा सार्वजनिक पैशाचा उघड अपहार होता. त्या वेळी राज्याने काय केले? निम्म्याहून कमी मुले हजर आढळली त्या शाळांवर कारवाई ठरली, संस्थाचालकांवर गुन्हे नोंदवण्याची मागणी झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि कारवाई पुरेशी झाली नाही म्हणून टीकाही झाली. परंतु घोटाळा उघड झाला म्हणून राज्यातल्या सर्व शाळांचे अनुदान वर्षभर बंद करावे, असे विधानसभेत कोणी सुचवले नाही. दोषी संस्थाचालक आणि पाटीवर अक्षर गिरवणारे मूल यांच्यातला फरक प्रत्येकाला दिसत होता. गाझातल्या किंवा लेबनॉनमधल्या मुलाच्या बाबतीत तो फरक दिसेनासा का व्हावा, हे मला समजत नाही.

या बंदीच्या समर्थकांचे एक म्हणणे असते की, मदत थांबवायची नाही, फक्त ही संस्था नको, दुसऱ्या कोणाकडून मदत द्यावी. हे म्हणणे ऐकायला रास्त वाटते. २०२५ मध्ये ते प्रत्यक्षात आणूनही पाहिले गेले. मे महिन्याच्या अखेरीस गाझा ह्युमॅनिटेरियन फाउंडेशन नावाच्या नव्या संस्थेने अमेरिका आणि इस्रायलच्या पाठिंब्याने अन्नवाटप सुरू केले, आणि तिला अमेरिकी सरकारने ३ कोटी डॉलर मंजूर केले. संयुक्त राष्ट्रांची वाटप केंद्रे सुमारे चारशे होती. या नव्या व्यवस्थेत ती चार झाली, आणि तीही इस्रायली लष्कराच्या ताब्यातील भागात. म्हातारी माणसे, लहान मुलांना कडेवर घेतलेल्या बाया, जखमी माणसे यांनी रात्री निघून कित्येक किलोमीटर चालत जायचे आणि पहाटे केंद्राचे दार उघडताच खोक्यांवर तुटून पडायचे, अशी ती रचना होती. त्यात धट्टाकट्टा पुरुषच पुढे पोहोचणार हे उघड आहे, आणि ज्याला अन्नाची गरज जास्त तो मागे राहणार. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ जुलै २०२५ रोजी दिलेल्या आकड्यांनुसार २७ मेपासून अन्न मिळवायला गेलेले १,३७३ लोक मारले गेले होते आणि त्यांपैकी ८५९ या केंद्रांच्या आसपास. २२ ऑगस्टला गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचे अन्नसुरक्षेची अधिकृत वर्गवारी करणाऱ्या यंत्रणेने जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये त्या नव्या संस्थेने आपले काम गुंडाळले. या दुष्काळाची कारणे अनेक होती आणि मार्चपासून मेपर्यंत सीमा पूर्ण बंद ठेवणे हे त्यांतले सर्वांत मोठे होते, हे खरे. पण पंच्याहत्तर वर्षांत उभी राहिलेली वाटपाची यंत्रणा, म्हणजे घरोघरच्या शिधापत्रिकेसारख्या नोंदी, गल्लीतली गोदामे, ओळखीचे कर्मचारी, यांना बाजूला सारून त्या जागी चार कुंपणे उभारली की काय होते, हे त्या उन्हाळ्यात जगाने पाहिले.

दहशतवादविरोधी कायद्याने मदत अडण्याचा हा पहिला प्रसंग नाही. सोमालियाचे उदाहरण यापूर्वीचे आहे आणि मला ते अधिक बोलके वाटते, कारण त्यात कोणाचा द्वेष नव्हता, केवळ कायद्याची भीती होती. अमेरिकेने २००८ मध्ये अल-शबाबला दहशतवादी संघटना घोषित केले, ते योग्यच होते. परंतु अमेरिकी कायद्यानुसार अशा संघटनेला जाणूनबुजून पैसा, माल किंवा सेवा पुरवणे हा गुन्हा ठरतो, हेतू मदतीचा असला तरी. दक्षिण सोमालियाचा मोठा भाग त्या संघटनेच्या ताब्यात होता. ट्रक तिच्या नाक्यांवरून जाणार, कुठेतरी जकातीसारखी रक्कम द्यावी लागणार, एखादे पोते तिच्या हाती पडणार. मदत संस्थांचे वकील आणि बँका घाबरल्या, अमेरिकेची मदत झपाट्याने आटली. दुसऱ्या बाजूने अल-शबाबनेच अनेक मदत संस्थांना हाकलून दिले, आणि त्यात पाऊस नाही. जुलै २०११ मध्ये दुष्काळ जाहीर झाल्यावर अमेरिकेने आपले नियम सैल केले, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. नंतरच्या अभ्यासात मृतांचा आकडा सुमारे २ लाख ५८ हजार निघाला, आणि त्यांत निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती. त्या मुलांच्या मृत्यूने अल-शबाब कमकुवत झाली नाही. ती आजही तिथे आहे.

या बंदीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद होतो, आणि तो आपल्याकडच्या वाचकांनाही पटण्याजोगा वाटतो. ही संस्था निर्वासितांच्या नातवंडांना आणि पतवंडांनाही निर्वासित म्हणून नोंदवते, त्यामुळे हा प्रश्न संपतच नाही, असे म्हणतात. आपल्या कल्याण छावणीची आठवण त्या संदर्भात काढली जाते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर लोकांना तिथल्या लष्करी बराकींत ठेवले गेले, १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले, आणि आज तिथला व्यापारी स्वतःला निर्वासित म्हणवत नाही. हे खरे आहे, पण ते घडले कशामुळे? भारताने त्या लोकांना पहिल्या दिवसापासून आपले नागरिक मानले. त्यांना मतदानाचा, मालमत्तेचा, हव्या त्या धंद्याचा हक्क मिळाला. लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी माणसाला आज नागरिकत्व नाही, अनेक व्यवसाय करायला कायद्याने बंदी आहे, घर नावावर करता येत नाही. जॉर्डनने बहुतेकांना नागरिकत्व दिले आणि तिथे चित्र बरेच वेगळे आहे. निर्वासितपण संपवते ते नागरिकत्व, किंवा घरी परतण्याचा मार्ग. ज्या दवाखान्यात त्या माणसाच्या मुलीला लस मिळते तो बंद केल्याने ती लेबनॉनची नागरिक होणार नाही. परतण्याच्या हक्काचा प्रश्न तर डिसेंबर १९४८ च्या आमसभेच्या ठरावातून आलेला आहे, म्हणजे ही संस्था जन्मण्याच्या एक वर्ष आधीचा.

भारताची भूमिका या सगळ्यात लक्षात घेण्याजोगी आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्र. २६६४ संमत केला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे मानवतावादी मदत अडू नये म्हणून त्या निर्बंधांतून सूट देणारा हा ठराव होता. चौदा देशांनी त्याच्या बाजूने मत दिले, विरोधात कोणी नव्हते, आणि भारत एकटा तटस्थ राहिला. आपल्या शेजारी बंदी घातलेल्या संघटना धर्मादाय संस्थांचे रूप घेऊन पुन्हा उभ्या राहतात, असे कारण आपल्या प्रतिनिधींनी दिले, आणि मुंबईचा अनुभव पाहता ते बरोबर होते. तरीही याच भारताने पॅलेस्टिनी निर्वासितांच्या संस्थेला दरवर्षी देण्याची ५० लाख डॉलरची रक्कम थांबवली नाही. २०२४ मध्ये बडे देणगीदार मागे हटत असताना भारताने ही रक्कम दोन हप्त्यांत, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, पूर्ण दिली. म्हणजे आपल्या सरकारने दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरल्या: खोट्या धर्मादाय संस्थांबद्दलची सावधगिरीही, आणि खऱ्या निर्वासितांची मदतही. ही भूमिका मला अमेरिकेच्या कायद्यापेक्षा कितीतरी अधिक विचारी वाटते. ती आपण जगासमोर इतक्या हळू आवाजात का मांडतो याचे मात्र वाईट वाटते. लष्कर-ए-तोयबाच्या मुखवट्यांना यादीत घालण्यासाठी ज्या देशाने वर्षानुवर्षे झगडा केला, त्या देशाने उठून सांगितले की संशय आल्यावर नावे तपासा, क्रमांक तपासा, दोषीला शिक्षा करा, पण मुलांची शाळा बंद करू नका, तर त्या बोलण्याला वेगळे वजन येईल.

गाझात आपले माणूसही गेले आहे. पुण्यात स्थायिक असलेले निवृत्त कर्नल वैभव काळे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू होऊन थोडाच काळ झाला असताना १३ मे २०२४ रोजी रफाहमध्ये मारले गेले. संयुक्त राष्ट्रांचे चिन्ह असलेल्या गाडीतून ते रुग्णालयाकडे निघाले होते. ७ ऑक्टोबरनंतर गाझात मृत्युमुखी पडलेले ते संयुक्त राष्ट्रांचे पहिले परदेशी कर्मचारी होते. ते या मदत संस्थेचे नव्हते, पण मदतकार्य करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठीच तिथे गेले होते. निर्वासितांच्या या संस्थेचे तीनशेहून अधिक कर्मचारी या युद्धात मारले गेले आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात कोणत्याही संघर्षात इतके कर्मचारी गेलेले नाहीत. नऊ जणांवरील आरोपांची चर्चा करताना या तीनशे जणांचाही उल्लेख व्हावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

शेवटी एक नेमकी विनंती करते, आणि ती आपल्या वाचकांबरोबरच महाराष्ट्रातील खासदारांनाही आहे. आपण वर्षाला जे ५० लाख डॉलर, म्हणजे चाळीस कोटी रुपयांहून अधिक, देतो, ते कोणत्या कामावर खर्च झाले, संस्थेकडून त्याचा कोणता अहवाल येतो, कोलोना समितीच्या पन्नास शिफारशींपैकी किती अमलात आल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीसाठी भारताने काही मदत किंवा अट देऊ केली आहे का, असा लेखी प्रश्न एखाद्या खासदाराने संसदेत विचारावा. त्याचे उत्तर सभागृहाच्या पटलावर आले तर ते पैसे थांबवावेत असे म्हणणाऱ्यांना आणि ते वाढवावेत असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना, दोघांनाही, बोलायला ठोस आधार मिळेल. ५० लाख डॉलर ही रक्कम गेली काही वर्षे तशीच आहे. हिशेब चोख असेल तर पुढील अंदाजपत्रकात ती वाढवावी आणि एकेका वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी आधीच जाहीर करावी, म्हणजे निदान काही शिक्षकांचे पगार दुसऱ्या देशाच्या कायदेमंडळातल्या मतदानावर अवलंबून राहणार नाहीत.

आपली नम्र,
एक निवृत्त लेखापरीक्षक, ठाणे